हवेचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यासाठी मला जो विषय देण्यात आला आहे तो असा : दाब, आकारमान आणि तापमान यांचा वायूंच्या वर्तनावर होणारा परिणाम. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतील काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला येथून दिसत आहेत. त्यांना मी प्रथमच सांगून टाकतो, की माझी स्वतःची पदवी कला शाखेची आहे. हा विषय समजून घेण्यासाठी मोठ्या पदवीची गरज नाही. ज्याला त्रैराशिक येते आणि ज्याने सायकलच्या चाकात एकदा तरी हवा भरली आहे, त्याला हा विषय समजलाच पाहिजे. आणि तो का समजला पाहिजे, हेच मला आज सांगावयाचे आहे. आपल्या स्वयंपाकघरात, रिक्षात, दवाखान्यात आणि आपल्या छातीच्या पिंजऱ्यात रात्रंदिवस वायूंचा कारभार चालू असतो. तो न समजल्यामुळे घरे जळतात, माणसे भाजतात. म्हणून हा विषय केवळ परीक्षेतील पाच गुणांचा नाही.

माझ्या सबंध भाषणाचे सार मी आरंभीच सांगतो. वायूविषयी एकटा आकडा कधीच पुरेसा नसतो. कोणी म्हणाले, "या टाकीत दहा लिटर हवा आहे," तर लगेच विचारावे, कोणत्या दाबाखाली? आणि कोणत्या तापमानाला? लाकूड, दगड, फार काय पाणीसुद्धा, यांच्या बाबतीत हे विचारावे लागत नाही. दहा लिटर पाणी हे दहा लिटरच असते. वायूचे तसे नाही. दाब, आकारमान आणि तापमान ही तीन भावंडे एकाच घरात एकाच ताटात जेवणारी आहेत. एकाने जास्त घेतले की दुसऱ्याच्या वाट्यात फरक पडतोच.

हवेला वजन आहे

आता मुळापासून सुरुवात करू. हवा दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे आपल्या मनात कुठेतरी असते. रिकाम्या भांड्याला आपण रिकामे म्हणतो. वास्तविक ते हवेने भरलेले असते.

हवेलाही वजन असते, हा विचार आपल्या पूर्वसूरींना परका नव्हता. मध्य आशियातील मर्व या शहरी अल-खाझिनी नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी ११२१ च्या सुमारास 'मीझान अल-हिक्मा', म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ लिहिला. पाण्यात बुडवलेली वस्तू जशी हलकी लागते, तशी ती हवेतही किंचित हलकी भरते, आणि हवा दाट असेल तर अधिक हलकी भरते, असा विचार त्यांनी त्यात मांडला. याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण नुसता अभिमान पुरेसा नाही. अल-खाझिनींनी हातात तराजू घेतला होता, आणि त्यांचे नाव घेणाऱ्यानेही हातात तराजू घेतला तरच ते नाव घेणे शोभते.

पुढे १६४३ साली इटलीमध्ये टोरिचेली याच्या प्रयोगात, एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली गेली. नळीतील पारा थोडा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. त्याला वर कोण धरून ठेवते? टोरिचेलीचे उत्तर असे, की भांड्यातील पाऱ्यावर बाहेरच्या हवेचा जो भार पडतो, तोच नळीतील पाऱ्याला तोलून धरतो. हे खरे असेल तर डोंगरावर हवेचा थर कमी, म्हणून पाराही कमी उंच राहिला पाहिजे. फ्रान्समध्ये पास्कल याच्या सूचनेवरून १६४८ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा मेहुणा पेरिए हा पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाच्या डोंगरावर चढला, आणि तसेच दिसून आले.

समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणजे तुमच्या पसरलेल्या तळहातावर या क्षणी शंभर किलोंहून अधिक भार आहे. तो जाणवत नाही, कारण तेवढाच भार खालूनही आहे, आणि शरीराच्या आतला दाब बाहेरच्या दाबाला तोलून धरतो.

दाब आणि आकारमान

पहिला नियम आहे रॉबर्ट बॉईल याचा. हा १६२७ साली आयर्लंडमध्ये जन्मला. रॉबर्ट हुक या हुशार सहायकाच्या मदतीने त्याने हवा काढण्याचा पंप तयार करविला आणि १६६० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यावर लायनस नावाच्या एका पंडिताने आक्षेप घेतला, की नळीतील पारा हवेच्या दाबाने मुळीच तोललेला नसतो, त्याला एक अदृश्य दोरी वरून ओढून धरते. आता बॉईलने काय करावे? शब्दाला शब्द देत बसला असता तर तो वाद आजही चालू राहिला असता. त्याने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. तिच्या आखूड, बंद बाजूत हवा कोंडली आणि लांब, उघड्या बाजूने पारा ओतीत गेला. कोंडलेल्या हवेची लांबी सुरुवातीला १२ इंच होती. ती ६ इंचांवर आली तेव्हा पाऱ्याचा जादा स्तंभ जवळपास २९ इंचांचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच भरला. दाब दुप्पट आणि आकारमान निम्मे! अशी अनेक मापे घेऊन त्याने ती कोष्टकात मांडली आणि १६६२ मध्ये आक्षेपाचे उत्तर म्हणून छापली. विद्यार्थी मित्रांनो, वाद कसा घालावा याचा हा नमुना आहे. आवाज चढवू नये, मोजमाप पुढे ठेवावे.

नियम असा : तापमान कायम ठेवले असता, ठरावीक वायूचे आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. यातील "तापमान कायम ठेवले असता" आणि "ठरावीक वायू" हे शब्द मुले घाईत गाळतात. परंतु नियमाचा प्राण त्यांच्यातच आहे. फ्रान्समधील मारिऑत याने तापमानाची ही अट पुढे स्पष्ट केली, म्हणून काही देशांत हा नियम त्याच्याही नावाने ओळखला जातो.

हे टेबलावर पाहा. ही औषधाच्या दुकानातून आणलेली, सुई नसलेली नवी सिरिंज. दट्ट्या २० च्या खुणेवर आणून मी तोंड अंगठ्याने घट्ट बंद करतो. आता दट्ट्या दाबला, तर १० च्या खुणेपर्यंत नेताना जोर लागतो, आणि पुढे ५ कडे नेताना तर बोट हार मानू लागते. सोडताच तो मागे येतो. आत काही दिसत नाही, पण आत कोणीतरी आहे, याची साक्ष माझा अंगठा देतो.

आपला श्वासही याच नियमाने चालतो. छातीखालचा पडदा खाली सरकतो, फासळ्या वर येतात, छातीचे आकारमान वाढते, आतला दाब किंचित घटतो आणि बाहेरची हवा आत शिरते. छाती आकसली की दाब वाढतो आणि हवा बाहेर पडते. लोहाराचा भाता आणि आपली छाती यांचा कायदा एकच.

प्राणवायूच्या सिलिंडरचे गणित

आता मी एका कठीण काळाची आठवण देतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूचा सिलिंडर हा शब्द घराघरांत पोहोचला. कित्येक कुटुंबे सिलिंडरच्या काट्याकडे पाहत रात्री जागत होती. "काटा इथे आला आहे, सकाळपर्यंत पुरेल ना?" हाच प्रश्न. त्याचे उत्तर बॉईलच्या नियमात आहे.

समजा, सिलिंडरच्या पोटात १० लिटर पाणी मावते, आणि पूर्ण भरला असता त्यातील प्राणवायूचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे १५० पट आहे. हाच वायू बाहेरच्या दाबाला मोकळा केला तर तो १० गुणिले १५०, म्हणजे सुमारे १,५०० लिटर जागा व्यापेल. रुग्णाला डॉक्टरांनी मिनिटाला ५ लिटर सांगितले असतील तर १,५०० भागिले ५, म्हणजे ३०० मिनिटे, पाच तास. काटा ७५ वर आला की निम्मा वायू संपला आणि अडीच तास उरले. काटा ३० वर आला म्हणजे एकच तास. प्रत्यक्षात काटा शून्यावर येण्याची वाट पाहावयाची नसते, दुसरा सिलिंडर त्याआधीच तयार ठेवावा लागतो. हा हिशेब सातवीचा विद्यार्थी करू शकतो. परंतु त्यासाठी त्याने बॉईलचा नियम पाठ केलेला असून भागत नाही, तो त्याला समजलेला असावा लागतो.

तापमान आणि आकारमान

दुसरा नियम तापमानाचा. १७८३ हे फ्रान्समध्ये फुग्यांचे वर्ष होते. मोंगोल्फिए बंधूंनी कापड व कागद यांच्या प्रचंड पिशवीखाली जाळ करून ती आकाशात चढविली, आणि २१ नोव्हेंबरला त्यांच्या फुग्यातून दोन माणसांनी पॅरिसवरून उड्डाण केले. जाक शार्ल या शास्त्रज्ञाने हायड्रोजन भरलेला फुगा केला. ऑगस्टमध्ये त्याचा पहिला, माणसे नसलेला फुगा एका खेड्यात उतरला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी तो राक्षस समजून हत्यारांनी फाडून टाकला. ज्ञान नसले की फुग्याचाही राक्षस होतो. १ डिसेंबरला शार्ल स्वतः आपल्या फुग्यातून वर गेला.

याच शार्लने पुढे १७८७ च्या सुमारास निरनिराळे वायू तापवून पाहिले. ते सर्व सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात असे त्याला आढळले, पण त्याने ते छापले नाही. गे-ल्युसॅक याने १८०२ मध्ये स्वतः काळजीपूर्वक प्रयोग करून ते प्रसिद्ध केले आणि शार्लच्या आधीच्या कामाचा प्रामाणिकपणे उल्लेख केला. म्हणूनच आपण आज पाठ्यपुस्तकात चार्ल्सचा नियम असे वाचतो.

दाब कायम ठेवला, तर तापमान एक अंश सेल्सिअसने वाढताच वायूचे आकारमान, त्याच्या शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाने वाढते. शून्य अंशावर २७३ लिटर असलेली हवा १ अंशावर २७४ लिटर, आणि २७ अंशांवर ३०० लिटर होते. आता उलट दिशेने जाऊ. थंड करीत गेल्यास प्रत्येक अंशाला एकेक लिटर कमी. मग उणे २७३ अंशांवर काय उरेल? हिशेबाने शून्य! वास्तविक त्याआधीच वायूचा द्रव होतो. परंतु याच धाग्यावरून तापमानाची एक तळाची पायरी असल्याचे कळले. केल्व्हिन या शास्त्रज्ञाने १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. आज आपण उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हे शून्य केल्व्हिन मानतो. शाळेच्या गणितात २७३ मिळविले की काम भागते.

येथे परीक्षेत हमखास होणारी एक चूक सांगतो. २० अंशांची हवा ४० अंशांवर नेली म्हणजे तापमान दुप्पट झाले, असे मुले लिहितात. तसे नाही. २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन आणि ४० अंश म्हणजे ३१३ केल्व्हिन. आकारमान दुप्पट होणार नाही, जेमतेम सात टक्के वाढेल.

टेबलावरची ही रिकामी बाटली आणि तिच्या तोंडावर बसविलेला हा लहान फुगा पाहा. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि फुगा हळूहळू मान वर करू लागला. आता थंड पाण्यात ठेवतो. त्याने मान टाकली. मोठा फुगा उडतो तोही असाच. २७ अंशांची हवा ९७ अंशांवर नेली, तर ३०० चे ३७० होतात. म्हणजे आतली सुमारे पाचवा हिस्सा हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते. उरलेली हवा तेवढी हलकी होते, आणि बाहेरची जड हवा फुग्याला वर लोटते.

दाब आणि तापमान

तिसरी जोडी दाब आणि तापमान यांची. आकारमान वाढायला जागाच ठेवली नाही, तर तापमानाबरोबर दाब वाढतो. चाकातील हवेचे उदाहरण घ्या. हवा भरणारा म्हणतो, "तीस पौंड भरली." हे तीस पौंड बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचे असतात. बाहेरचा दाब सुमारे पंधरा पौंडांचा. म्हणून आतला खरा दाब पंचेचाळीस. सकाळी चाक २७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्व्हिनवर होते. दुपारी उन्हात तापलेल्या रस्त्यावर ते ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेले. तापमान एकदशांशाने वाढले, तर पंचेचाळिसाचे साडेएकोणपन्नास झाले. मापकाचा काटा साडेचौतीस दाखवील. म्हणून चाकातील हवा गाडी थंड असताना मोजावी, आणि दुपारी काटा वर दिसला म्हणून हवा सोडू नये. नाहीतर दुसऱ्या सकाळी चाक बसलेले दिसेल.

याच कारणाने सुगंधी फवाऱ्याचा डबा, लायटर किंवा कोणताही बंद डबा शेकोटीत टाकू नये. रिकामा वाटला तरी टाकू नये.

हे सर्व का घडते? वायू हा अगणित रेणूंचा समूह आहे. आपल्या भोवतालच्या हवेच्या एका घनसेंटिमीटरात सुमारे २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात, आणि ते सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वेगाने सैरावैरा धावत भिंतींवर आदळत असतात. या आदळण्यालाच आपण दाब म्हणतो. जागा निम्मी केली की भिंतीवर दुप्पट टकरा होतात. उष्णता दिली की रेणू अधिक वेगाने धावतात, टकरा जास्त होतात आणि जोरातही होतात. बर्नूली याने १७३८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि पुढच्या शतकात क्लॉसियस, मॅक्सवेल या शास्त्रज्ञांनी ती गणिताने पक्की केली. हे चित्र डोळ्यांपुढे असले, की तिन्ही नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

तिन्ही एकदम बदलतात तेव्हा

तिन्ही नियम एकत्र केले तर असे सूत्र मिळते : दाब गुणिले आकारमान, भागिले निरपेक्ष तापमान, हा भागाकार ठरावीक वायूसाठी कायम राहतो.

हवामान खाते आकाशात फुगे सोडते, ते घ्या. जमिनीजवळ हवा ३०० केल्व्हिन तापमानाची. सुमारे तीस किलोमीटर उंचीवर दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे ८४ व्या भागाएवढा उरतो, आणि तापमान सुमारे २२७ केल्व्हिन असते. नुसता दाब पाहिला तर फुगा ८४ पट व्हावा. नुसती थंडी पाहिली तर तो पाऊणपट व्हावा. मग खरे काय? ८४ गुणिले २२७ भागिले ३००, म्हणजे सुमारे ६४ पट. ६४ चे घनमूळ ४. म्हणून फुग्याचा व्यास चौपट होतो. म्हणूनच असा फुगा जमिनीवर पूर्ण ताणून भरीत नाहीत. एकाच आकड्यावर विसंबलो असतो तर उत्तर चुकले असते.

आता आपला कोकणचा पाऊस पाहा. समुद्रावरून आलेली ओलसर हवा सह्याद्रीला अडते आणि डोंगर चढू लागते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते. प्रसरण पावताना तिला भोवतालच्या हवेला ढकलावे लागते. त्या श्रमात ती आपल्या अंगची उष्णता खर्च करते आणि थंड होते. दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. थेंब बनू लागले की सुटलेल्या उष्णतेमुळे थंड होण्याचा वेग मंदावतो. पुढे हीच हवा पूर्वेकडे उतरताना दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि पायथ्याच्या वाईला त्याच्या कितीतरी पट कमी. घाट चढताना वेफर्सचे पाकीट टम्म फुगते आणि सह्याद्रीवर ढग उतरतो, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच : वर गेले की दाब घटतो.

याची उलट बाजू सायकलच्या पंपात दिसते. हवा झटकन दाबली की पंपाचा खालचा भाग गरम लागतो. रुडॉल्फ डिझेल याने याच गोष्टीचा उपयोग करून १८९७ पर्यंत आपले इंजिन यशस्वी केले. त्यात हवा इतकी दाबली जाते, की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि ठिणगीवाचून तेल पेट घेते. आपली डिझेलवर चालणारी एस.टी. त्याच तत्त्वावर घाट चढते.

नियमांची हद्द, आणि स्वयंपाकघर

माता-भगिनींनी आता विशेष लक्ष द्यावे. या नियमांना हद्द आहे. दाब फार वाढला किंवा थंडी फार झाली, की रेणू एकमेकांना ओढू लागतात आणि वायूचा द्रव होतो. वान डेर वाल्स याने १८७३ मध्ये यासाठी सूत्रात दुरुस्ती सुचविली. ही हद्द आपल्या ओट्याखालीच आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो इंधन असते, आणि ते बहुतांश द्रवरूपात असते. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते. शेगडी पेटविली की वाफ जाते आणि तेवढाच द्रव पुन्हा वाफ होतो. म्हणून तापमान तेच असेल तर सिलिंडर भरलेला असो की अर्धा, आतला दाब जवळजवळ सारखाच राहतो. प्राणवायूच्या सिलिंडरचा हिशेब येथे लागू नाही. म्हणूनच हा सिलिंडर घेताना वजन करून घ्यावयाचा. याउलट रिक्षातील सीएनजी हा वायूच असतो. तो जसा संपतो तसा काटा उतरत जातो.

सिलिंडरमध्ये द्रवाच्या वर मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण उष्णतेने द्रवही फुगतो. संपत आलेला सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे, उन्हात ठेवणे, आडवा पाडून वापरणे, या सवयी जीवघेण्या आहेत. आडव्या सिलिंडरमधून द्रव बाहेर येतो, आणि त्या द्रवाची वाफ झाली की ती त्याच्या सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू अगर बंद करू नये, काडी ओढू नये, सिलिंडरची कळ बंद करावी आणि दारे-खिडक्या उघडाव्यात.

प्रेशर कुकरचेही तसेच. त्यात वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट होतो, म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते आणि डाळ लवकर शिजते. शिट्टीच्या नळीत डाळीचे साल अडकले तर वाफेला वाट राहत नाही. झाकण लावण्यापूर्वी ती नळी उजेडाकडे धरून पाहावी. सुरक्षा-झडप बदलताना योग्य तीच घ्यावी, आणि वाफ उतरल्याशिवाय झाकण ओढू नये.

पालकहो, विज्ञान मुलांसाठी आणि स्वयंपाक मुलींसाठी, असे अजूनही काही घरांत म्हटले जाते. मला विचारावेसे वाटते, की घरात दाबाखालची भांडी रोज कोण हाताळते? ज्या हातांत रोज कुकर आणि सिलिंडर आहे, त्या हातांना बॉईल आणि चार्ल्सची ओळख नको, हा कुठला न्याय? मुलीला दहावीनंतर विज्ञान घ्यावयाचे असेल तर तिला अडवू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एक सिरिंज, एक बाटली आणि एक फुगा, एवढी प्रयोगशाळा कोणत्याही घरात मावते. प्रयोग करा, आकडे वहीत मांडा, आणि कोणी वायूविषयी एक आकडा सांगितला की नम्रपणे विचारा, "बाकीच्या दोघांचे काय?" हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ती केवळ वायूंपुरती राहणार नाही. बाजारातील भाव असो, कर्जाचा हप्ता असो की कानावर आलेली अफवा असो, एकट्या आकड्यावर विश्वास न ठेवणारा माणूस सहसा फसत नाही.